कसं आलं ते सांगा

आधी माझं सांगतो, न्हाईतर तुम्ही म्हणाल हा कोण लागून गेला. मी बसलिंगप्पा, मूळचा देगलूरचा. नांदेडातल्या एका सायन्स कॉलेजात एकतीस वर्षं परीक्षा विभागात बाबू होतो. कॉलेजचं नाव सांगणार नाही. माझी पेन्शन चालू हाय आणि ती चालूच राहिलेली मला बरी. सांगायचं आहे ते आमच्या हनमंते सरांचं, आनंदराज हनमंत्यांचं. ते गणित शिकवायचे. म्हणजे ऑर्डरवर गणित लिहिलेलं होतं. खरं तर ते बी.एस्सी.च्या पोरांना अपूर्णांकांची बेरीज शिकवायचे.

हसू नका. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही आणि मेडिकलचं तर नावच काढायचं नाही, अशी पोरं आमच्याकडं यायची. त्यातली निम्मी लातूरला दोन-दोन वर्षं क्लास करून आलेली. दिवसाला शंभर प्रश्न, एका प्रश्नाला चाळीस सेकंद, चार पर्याय, त्यातला एक गोळा काळा करायचा. असली तयार पोरं. आणि आम्ही विद्यापीठाच्या पद्धतीची साधी चाचणी घेतली, जिथं उत्तर मांडून दाखवायचं असतं, तर दीडशेतली नव्वद पोरं आडवी. निकालाचा तक्ता मीच केला होता. मला वाटलं माझंच काही चुकलं, म्हणून परत तपासला. तक्ता बरोबर होता.

मग प्राचार्यांनी हुकूम काढला. ‘उपचारात्मक गणित वर्ग’, सकाळी साडेसात ते साडेआठ, खोली क्रमांक अकरा. आता शिकवणार कोण? कायम प्राध्यापकांना सकाळी साडेसात म्हटलं की कुणाची कंबर धरायची, कुणाला पोरगं शाळेत सोडायचं असायचं. एकानं तर स्पष्ट सांगितलं, मी पीएच.डी. केली ती पाचवीचं गणित शिकवायला केली नाही. राहिले हनमंते सर. ते तासिका तत्त्वावर, म्हणजे तास असेल तर मास्तर, सुटी लागली की घरी. त्यांना विचारावं लागलंच नाही.

पोरांनी खोली अकराचं नाव ठेवलं ‘दवाखाना’. मी बी तेच म्हणायचो. सर सकाळी हजेरीचं रजिस्टर न्यायला यायचे, ते म्हणायचे “जयभीम अप्पा”, मी आमच्या लिंगायत पद्धतीनं म्हणायचो “शरणार्थ”, आणि वर विचारायचो, “आज किती पेशंट, सर?”

“लई हाईत. तुम्ही बी या एकदा तपासून घ्यायला.”

मला राग यायचा. मॅट्रिकला गणितात मला ऐंशी मार्क होते, आणि त्या काळचे ऐंशी. मी कशाला तपासून घेऊ?

पण एकदा जावं लागलं. एका वर्षी वर्गाच्या पहिल्याच दिवशी पोरांच्या नावांचा घोळ होता, म्हणून यादी घेऊन मी वर्गात मागं बसलो. सरांनी फळ्यावर एवढंच लिहिलं: एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर किती. पोरांनी कागदावर उत्तर लिहून द्यायचं. सगळे कागद गोळा झाले. सर एकेक बघून राहिले होते. एका कागदाशी थांबले आणि म्हणाले, “प्रियदर्शनी कोण?”

किनवटकडची पोरगी उठली. आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेली, मग लातूरला दोन वर्षं. तिनं उत्तर लिहिलं होतं: ब.

“कशाचं ब?”

“पर्याय ब, सर.”

“पर्याय कुठं दिलेत मी?”

तिनं फळ्याकडं बघितलं. एक द्वितीयांश, एक तृतीयांश, बरोबरची खूण, पुढं काही नाही. हळूच म्हणाली, “क्लासमध्ये सांगितलं होतं सर, काहीच सुचलं नाही तर ब लावायचा. जास्ती वेळा ब असतो.”

वर्गात कुणी हसलं नाही. मला नवल वाटलं, पण कारण लवकरच कळलं. आणखी अकरा पोरांनी नुसतं अक्षरच लिहिलं होतं. त्यातले दोघं क म्हणत होते.

मी असतो तर डस्टर फेकून मारला असता. हनमंते सर म्हणाले, “बरं. ब कसं आलं ते सांगा.”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चौदा वर्षं मी ते खिडकीतून ऐकत आलो. माणूस कधी ‘चूक’ म्हणायचा नाही. काहीही लिहून आणा, ‘कसं आलं ते सांगा.’ मागच्या बाकावर शहेबाज नावाचा एक होता, त्यानं बेरीज दोन पंचमांश लिहिली. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. सरांनी त्याला फळ्यापाशी बोलावून विचारलं तर तो म्हणाला, पहिल्या दोन चेंडूंत एक चौकार मारला, पुढच्या तीन चेंडूंत एक मारला, तर पाच चेंडूंत दोन चौकार झाले की. सर खुश. म्हणाले, “क्रिकेटात तुझं एकदम बरोबर हाय. आता सांग, अर्धी भाकर खाल्ली, वरून तिसरा हिस्सा खाल्ला, तर दोन पंचमांश भाकर म्हणजे अर्ध्याहून कमी. खाऊन खाऊन भाकर कमी कशी खाल्ली तू?” शहेबाज डोकं खाजवत राहिला आणि पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाला, सर, तुकडे सारखे पाहिजेत. चाळीस सेकंदांचं काम त्या पोरानं पाच मिनिटांत केलं, आणि सरांचा चेहरा असा की जणू पोरगं कलेक्टर झालं.

सरांकडं एक जाड वही होती. तिच्यात पोरांच्या चुका लिहायचे. कोणती चूक, आणि ती पोराच्या डोक्यात कुठून आली. मी म्हणायचो, लोक बरोबर उत्तरं जपून ठेवतात, तुम्ही चुकीची. ते म्हणायचे, “अप्पा, बरोबर उत्तर एकच असतंय, त्यात काय बघायचं?”

त्या वहीत सगळ्यात जास्त पानं होती वजाच्या चिन्हाची. पोरं चिन्ह गिळायची. उत्तर उणे सात आलं की सात लिहून मोकळी. वर म्हणायची, सर, आकडा तर बरोबर हाय ना. एवढ्याच गोष्टीवर हनमंते सर चिडायचे. “तुझ्या बापाचं पीक सातानं वाढलं म्हणलं काय आन् सातानं घटलं म्हणलं काय, एकच का? एवढीशी रेघ हाय, पण तीच तर खबर हाय.” मला आपलं वाटायचं, एका आडव्या रेघेसाठी माणूस किती बेजार होतो.

चौदा वर्षं अशी गेली. दवाखान्यातली पोरं पास होऊन राहिली, कुणी तलाठी झालं, कुणी बँकेत गेलं. प्रियदर्शनी तर पुढं एम.एस्सी. झाली, सेट झाली. सर होते तिथंच. त्यांची आई पार्वतीबाई दर जयंतीला चार नातेवाईक जमले की सगळ्यांसमोर विचारायची, “आनंदा, पक्का झालास का रे?” सरांनी हे मला हसत सांगितलं होतं, पण त्या दिवशी रजिस्टरवर सही करायची विसरले होते.

आणि एके दिवशी पक्की जागा निघाली. गणित, एक पद. पंधरा वर्षांनी. सरांचं वय चव्वेचाळीस, जाहिरातीतली मर्यादा पंचेचाळीस. म्हणजे ही पहिली आणि ही शेवटची. अर्ज आले पंच्याऐंशी, म्हणून संस्थेनं ठरवलं, छाननी परीक्षा घ्यायची, पहिला येईल त्याला जागा, भानगड नको. पन्नास प्रश्न, चार-चार पर्याय. चाळीस गणिताचे, दहा सामान्य ज्ञानाचे, त्यातले निम्मे संस्थेच्या इतिहासाचे. चौदा वर्षं पोरांची पर्यायाची सवय मोडणाऱ्या माणसाची परीक्षा पर्यायांची. मी म्हणालो, सर, आता तुम्ही बी लातूरला जाऊन या दोन महिने. हसले.

पेपर बाहेरच्या प्राध्यापकांनी हातानं लिहून दिला. टाईप कुणी केला? मी. उत्तरसूची कुणी टाईप केली? मीच. हे लक्षात ठेवा.

निकाल लागला. पहिली प्रियदर्शनी, सत्तेचाळीस. दुसरे हनमंते सर, सेहेचाळीस. आपल्याच शिष्येनं एका मार्कानं मागं टाकलं म्हणून स्टाफरूममध्ये दोन दिवस चहा जास्त गेला. तिघांनी मला येऊन विचारलं, खरं का? त्यात ते पीएच.डी.वाले पण होते, आनंदानं.

तिसऱ्या दिवशी सर हरकतीचा अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशी आले. सदतिसावा प्रश्न. एका संख्येत आधी वीस टक्के वाढ केली, मग आलेल्या संख्येत वीस टक्के घट केली, तर एकूण बदल किती? घट असल्यास ऋण चिन्ह द्यावे. पर्याय: शून्य, दोन, चार, वीस. उत्तरसूचीत होतं क, म्हणजे चार. चौऱ्याऐंशी उमेदवारांनी कोणता ना कोणता गोळा काळा केला होता, बहुतेकांनी क. सरांनी एकही केला नव्हता. कच्च्या कामाच्या जागेत लिहून ठेवलं होतं: शंभराचे एकशेवीस, एकशेवीसाचे वीस टक्के चोवीस, उरले शहाण्णव, म्हणून बदल उणे चार, दिलेल्यांपैकी एकही पर्याय बरोबर नाही.

“सर,” मी म्हणालो, “क लावून टाकायचा की. त्यांच्या मनात काय होतं ते दिसतंच हाय.”

“चार म्हणजे वाढलं म्हणून सांगितल्यासारखं होतंय अप्पा. वाढलं नाही.”

“पक्क्या नोकरीचा सवाल होता, सर.”

“व्हय,” ते म्हणाले. “क च्या गोळ्यापाशी पेन नेलं होतं मी. पण सकाळी साडेसातला त्याच पोरांसमोर उभं राहायचं असतंय मला.”

अर्ज ठेवून गेले. मी कपाटातून मूळ हस्तलिखित काढलं. सदतिसावा प्रश्न, पर्याय क: उणे चार. रेघ होती. चांगली ठसठशीत होती. मजकूर एका फॉन्टमधून दुसऱ्यात घेतला की वजाची रेघ उडते, हे आमच्या दफ्तरातल्या कुणालाही विचारा, सांगेल. म्हणून छापायच्या आधी ताडून बघायचं असतं. मी बघितलं नव्हतं.

प्रश्न रद्द झाला असता तर काय? प्रियदर्शनीचा एक मार्क गेला असता, दोघं सेहेचाळीसवर आले असते, आणि गुण सारखे असले तर वयानं मोठा तो वर, असा नियम. जागा सरांची होती. आणि मला खुलासा द्यावा लागला असता. निवृत्तीला दोन महिने सतरा दिवस होते. चौकशी लागली की पेन्शनचे कागद अडतात, हे मी दुसऱ्यांचे कागद अडवत एकतीस वर्षं बघितलेलं. मी भ्यालो. याला दुसरा शब्द नाही.

मग मी सरांचा अर्ज वाचायला घेतला. हरकतीचा नमुना पण माझाच. रकाना चौथा: ‘उमेदवाराच्या मते योग्य पर्याय, अ, ब, क, ड यापैकी एकावर खूण करावी.’ खाली टीप: ‘अपूर्ण अर्ज विचारात घेतला जाणार नाही.’ सरांनी खूण केली नव्हती. शेजारी लिहिलं होतं, ‘यापैकी नाही. कारण मागे मांडले आहे.’ मागं पूर्ण मांडणी, पायरी पायरीनं, चिन्हासकट, पोरांसाठी लिहावं तशी.

मी अर्जावर शिक्का मारला. ‘अपूर्ण.’ खाली शेरा लिहिला, रकाना चार रिकामा. सही केली. प्राचार्यांनी गठ्ठ्यात सही केली, त्यांना काय कळणार. हस्तलिखित लखोट्यात घातलं आणि लाख लावून टाकली. काम नियमाप्रमाणं झालं होतं, एवढं नियमाप्रमाणं मी एकतीस वर्षांत दुसरं केलं नसेल.

प्रियदर्शनी रुजू व्हायला आली तेव्हा कागद माझ्याच टेबलावर झाले. साडी नवी होती, पण चेहरा काही आनंदाचा नव्हता. सही करता करता म्हणाली, “अप्पा, सदतीसला सरांनी काय केलं?”

“सोडून दिला.”

तिनं पेन खाली ठेवलं. “मला बी माहीत होतं त्यात उत्तर न्हाई. सरांच्याच वर्गात शिकले मी. पण लातूरला शिकवलं होतं, पेपर काढणाऱ्याच्या मनात काय हाय ते बघायचं. म्हणून क केला.” मग डोळे पुसून म्हणाली, “ब न्हाई केला, एवढं सरांना सांगा.”

मी सांगितलं नाही. पक्का माणूस आला की तासिकेचे तास त्याच्याकडं जातात. हनमंते सरांनी शेवटच्या दिवशी रजिस्टर परत केलं, जयभीम अप्पा म्हणाले, गेले. माझा निरोप समारंभ वेळेवर झाला. भाषणात सगळ्यांनी सांगितलं, बसलिंगप्पांच्या हातून एकतीस वर्षांत एकही चूक झाली नाही. शाल दिली. ती मी अजून पांघरलेली नाही.

गेल्या महिन्यात लातूरला मुलीकडं गेलो होतो. डाळमिलच्या मागं तिचं घर. नात क्लासला जाते. तिचा सराव पेपर टीपॉयवर पडलेला. मॅट्रिकला ऐंशी असलेल्या माणसाला राहवतं का? एक प्रश्न सोडवला, टक्केवारीचाच. उत्तर आलं, पर्यायात होतं, खूण केली. नात म्हणाली, आजोबा, चुकलं. दुसरा सोडवला. ते पण पर्यायात होतं, ते पण चुकलं. तिसऱ्या प्रश्नाला माझ्या लक्षात आलं. माझी प्रत्येक चूक तिथं आधीच छापून ठेवलेली होती. मी कुठं घसरणार हे कुणाला तरी पक्कं माहीत होतं. नातीला विचारलं, हे पेपर कोण काढतं? म्हणाली, नांदेडचे कुणी सर हाईत, ते शिकवत नाहीत, नुसते पर्याय लिहितात. त्यांच्या पेपरात पोरं लई फसतात म्हणून आमच्या क्लासचं नाव हाय.

रिक्षा केली आणि तिच्या क्लासवर गेलो. तिसऱ्या मजल्यावर मागची खोली. हनमंते सर टेबलावर, समोर तीच जाड वही उघडी. ज्या वहीतून पोरांना बरं करायचे, तिच्यातून आता दिवसभर चुकीची उत्तरं काढत होते. एका प्रश्नाला तीन.

“जयभीम अप्पा. बसा.”

“शरणार्थ.” बसलो. “कसं चाललंय, सर?”

“चांगलं हाय. आई म्हणती, झाला एकदाचा पक्का.” हसले. “वर्ग चालू हाय का? खोली अकरा?”

“हाय. प्रियदर्शनी घेती. साडेसातला.”

“मग झालं,” ते म्हणाले आणि वही जरा बाजूला सारली.

मला एकदम बोलावंसं वाटलं, आणि लाज इतकी वाटली की त्यांच्याकडं न बघता वहीकडं बघून बोललो. “सर, तुमचा अर्ज मी फेटाळला.”

“माहीत हाय. सही तुमचीच होती.”

“रेघ मी खाल्ली होती. मूळ कागद बघितला होता मी शिक्का मारायच्या आधी. चूक केली, सर.”

खाली रस्त्यावर क्लास सुटला होता, पोरांच्या सायकलींचा आवाज येत होता. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी तयारी करूनच आलो होतो. सरांनी वहीचं एक कोरं पान काढलं, पेनचं टोपण काढलं, आणि खोली अकरात पोरांना विचारायचे त्याच आवाजात म्हणाले,

“कसं आलं ते सांगा.”

एकतीस वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्या पायरीपासून सांगायला लागलो.